उद्यासाठी ठेवलेलं भोक

आधी नाव सांगते, मग हकीकत. रेवणसिद्ध अण्णा. सगळ्या सोलापूरला रेवणअण्णा. आज माझ्या दुकानाच्या शटरवर माझं नाव रंगवलेलं आहे ते त्यांच्यामुळे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, लिहायची सवय नाही. सांगता सांगता भलतीकडेच गेले तरी नाव राहून जाऊ नये, म्हणून ते पहिल्या ओळीत.

अण्णा जागांचे दलाल होते. पण घरांचे नाही, धंद्याच्या जागांचे. गाळे, वखारी, अडतीची दुकानं, मागाच्या शेडी. घराचं गिऱ्हाईक आलं तर हात जोडून परत पाठवायचे. "माणूस कुटं बी राहतंय. धंदा राहत न्हाय. जागा चुकली की धंदा मरतो, आन् मालक म्हणतो नशीब खोटं."

उंच, जरा वाकलेले, डोक्याला पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करडगीतलं, म्हणजे छोट्या डबीतलं, इष्टलिंग. धोतर साखळीत अडकू नये म्हणून पिंढरीला सुतळी बांधलेली. सायकलच्या हँडलला कायम एक पाण्याचा तांब्या लटकलेला. सोलापूरच्या उन्हात मला ते रास्तच वाटलं. पण त्यातलं पाणी ते कधी प्यायचे नाहीत. नवा गाळा बघायला गेले की तो तांब्या फरशीवर ओतायचे आणि पाणी कुठे पळतं ते बघत उभे राहायचे. मग काडी ओढून ज्योत कुणीकडे झुकते ते बघायचे. मग टाळी वाजवायचे. आणि शेवटी रिकाम्या गाळ्याच्या मधोमध मांडी घालून डोळे मिटून बसायचे. मालक बाहेर ताटकळत.

एकदा एक मालक म्हणाला, "अण्णा, झोप लागली काय?"

"झोप न्हाय. शेजारचं कांडप ऐकतोय. मिरचीचं हाय नव्हं? तुमी सांगायचं इसरलाव."

मग भाड्याचा आकडा मालकाने नाही, अण्णांनीच सांगितला.

अशा या माणसाला स्वतःला गाळा नव्हता. अशोक चौकाच्या बाजूला व्यंकटेशम नावाच्या त्यांच्या मित्राचा चादरींचा कारखाना होता. पाचसहा माग, त्यांचा सारखा खडखडाट, आणि कोपऱ्यात एक बाकडं. तेच अण्णांचं ऑफिस. मागांवर मात करून बोलायची सवय लागल्यामुळे देवळातसुद्धा ते ओरडूनच बोलत. व्यंकटेशम घरी तेलुगू, अण्णा घरी कानडी, दोघांचं भांडण मराठीत.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. माझं गाव राजापूरकडचं. ताई सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होती, तिच्या सोबतीला म्हणून आले आणि तिच्या क्वार्टरमध्ये शिलाई करू लागले. शाळेचे गणवेश, परकर, झंपर. हात बसला, गिऱ्हाईक जमलं, हप्त्यावर मोटर घेतली. आणि ताईची बदली झाली नाशिकला. क्वार्टर दिवाळीपर्यंत सोडायची. दिवाळीच्या पाडव्याआधी मशीन ठेवायला जागा मिळाली तर मी सोलापुरात राहणार. नाही मिळाली तर गावी दादाकडे. तिथे कुणाला वाईट म्हणणार नाही, पण तिथे मशीन माळ्यावर गेली असती आणि मी चुलीपाशी. मी आधीच घाबरट. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायची. त्या दिवसांत तर दोनदा परत यायची.

कुणीतरी म्हणालं, गाळा पाहिजे तर रेवणअण्णा. गेले.

"कसला गाळा पायजे?" अण्णा ओरडले.

"कसाही चालेल."

"कसाही म्हंजे कुटलाच न्हाय. नीट मागायला शीक. उजेड कुनीकडनं पायजे?"

मी म्हटलं, डावीकडून. सुईवर हाताची सावली पडत नाही.

"हां. आता बोललीस. आनखी?"

असं एकेक करून त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मोटरीपुरती वीज. शाळेच्या वाटेवर. पायरी बुटकी, कारण आया कडेवर पोर घेऊन येतात. शेजारी पिठाची किंवा मिरचीची धूळ नको, पांढरे गणवेश मळतात. आपल्याला इतकं सगळं पाहिजे होतं हे मलाच तेव्हा कळलं. बोलताना मी पदराचे धागे ओढत होते. अण्णांनी ते पाहिलं आणि माझ्या हातात कात्री आणि पुठ्ठ्यांची चवड दिली. "ह्यो घे. हाताला काम आसलं की जीव जाग्यावर ऱ्हातो, तंगेव्वा." तंगेव्वा म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्या दिवसापासून मी दुपारची शिलाई आटोपून त्यांच्याकडे पुठ्ठे कापायला जाऊ लागले.

आता त्या पुठ्ठ्यांचं सांगायला हवं.

आधी अण्णांचा सगळा धंदा डोक्यात असे. कुठला गाळा रिकामा, कुठल्याला ओल, कुठे ट्रक दारापर्यंत येतो. इतर दलालांचंही तसंच, फक्त त्यांच्या डोक्यात जास्त करून मालक कोणाचा मेहुणा हेच असे. एके वर्षी अण्णांनी एका डॉक्टरला दवाखान्यासाठी गाळा दिला आणि शेजारी मिरचीचा व्यापारी बसतो हे विसरले. तापाचे पेशंट शिंका देऊन देऊन दमले. डॉक्टर रागावला नाही, उलट हसला. पण अण्णांना ते लागलं. "डोस्कं भरलं माजं," व्यंकटेशमला म्हणाले, "आता नवा गाळा आत घातला की जुना भाईर पडतोय."

त्या वेळी समोर माग चालू होता. चादरीवरचा मोर काही विणकर हाताने काढत नाही. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला राहतो. त्या पुठ्ठ्यांनाच तिथे पत्ते म्हणतात. अण्णा जन्मभर ते बघत आले होते, त्या दिवशी मात्र बघतच राहिले. पुठ्ठ्याला मोर ध्यानात राहतो, तर गाळा का नाही राहणार?

एका गाळ्याला एक पत्ता. पत्त्याच्या वरच्या कडेला ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. नळ आहे? मोटरीची वीज आहे? ट्रक दारात येतो? ओल आहे? उत्तर हो असेल तर भोकापासून कडेपर्यंत कापून फट करायची. मग सगळे पत्ते एकत्र धरायचे, पाहिजे त्या भोकातून पोती शिवायचं दाभण आरपार घालायचं आणि उचलायचं. फट असलेले पत्ते खाली पडतात. म्हणजे नळ असलेले सगळे गाळे टपाटप तुमच्या पुढ्यात. त्यांतून पुन्हा विजेचं भोक, पुन्हा उजेडाचं. घटकाभरात सगळं सोलापूर चाळून व्हायचं.

सगळ्यात शेवटचं भोक मात्र बिनअर्थाचं होतं. मी विचारलं, हे कशाचं?

"उद्याचं."

"म्हणजे?"

"जे इचारायचं आज सुचलं न्हाय ते. सगळी भोकं आजच भरली तर उद्या शाना व्हायला जागा कुटाय?"

बापू नावाचे दुसरे एक दलाल होते, अंगठ्या घालणारे. ते कारखान्याच्या दारातून ओरडायचे, "काय अण्णा, आज रमी का तीन पत्ती?" अण्णा म्हणायचे, "बस की, तुला बी वाटतो."

कोरे पत्ते मी कापून दिले, पहिल्या खेपेच्या फटी मात्र व्यंकटेशमने पाडल्या, माझ्या देखत. अण्णांनी चौकटीच्या कागदावर लाल पेन्सिलने घरं रंगवून दिली, त्याने त्यावरून कापले. आणि अण्णांनी शपथ घातली की आता डोक्याला विचारायचं नाही, पत्त्याला विचारायचं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते सूत रंगवणारा एक रंगारी. त्याला भरपूर पाणी आणि मोरी हवी. दाभण घातलं, पत्ते पडले, अण्णा आनंदाने त्याला सायकलवर डबलशीट घेऊन निघाले. पहिल्या गाळ्यात नळ नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्या गाळ्यात रंगाऱ्याने घाम पुसला आणि विचारलं, "अण्णा, हितं तर प्यायला पानी न्हाय. मी सूत कशात बुडवू? तुमच्या घामात?"

अण्णा परत आले ते तापलेले. व्यंकटेशम शांतपणे पत्ता उजेडाला धरून म्हणाला, "बराबर कापलोय की मी. आमचं कापड मागावर पालथं ऱ्हातंय. लाल घर सोडायचं, कोरं घर कापायचं. बापाच्या टायमापासनं असंच करतो."

म्हणजे जिथे नळ आहे तिथे फट नव्हती, आणि नाही तिथे होती. सगळं सोलापूर पालथं विणून ठेवलं होतं त्याने. मला वाटलं आता भांडण. मग अण्णांनी मागावरची तयार चादर ओढली, पुढून बघितली, उलटवून मागून बघितली. पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर, मागे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर.

"आरं व्यंकट्या, चादरीला उलटी बाजू आस्तीच कुटं!" ते एवढ्यानं हसले की एका मागावरचा माणूस माग थांबवून बघायला लागला. "सूत साठवायला जागा मागनारा त्यो व्यापारी हाय नव्हं, त्येला काय पायजे? ओल नसलेली वखार. मग त्येला 'न्हाय'चे पत्ते पायजेत की. पडलेलं बी उत्तर, ऱ्हायलेलं बी उत्तर. आपन निस्ते पडलेलेच बघत हुतो."

तेव्हापासून ते दोन्ही गठ्ठे बघू लागले, पडलेला आणि दाभणावर राहिलेला. ती एक चूक झाली नसती तर हे कधी सुचलं नसतं, असं ते नंतर ज्याला त्याला सांगत. बिचारा व्यंकटेशम मात्र दरवेळी म्हणायचा, "चूक न्हवती."

माझ्या गाळ्यासाठी दाभण घातलं तेव्हा चांगले पाचसहा पत्ते हाती आले. डावा उजेड, वीज, बुटकी पायरी, सगळं. मला वाटलं झालं काम. अण्णा मला घेऊन एकेकाकडे गेले. सायकल हातात धरून, कारण मी डबलशीट बसत नव्हते.

पहिला मालक म्हणाला, "बाईमाणूस? भावाला घेऊन या, त्याच्या नावावर करू." दुसरा म्हणाला, "उद्या लग्न होईल, मग गाळ्याचं काय करायचं आम्ही?" तिसऱ्याने चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि मला नाही, अण्णांनाच विचारलं, "हिच्यामागं कोण हाय?" अण्णा म्हणाले, "मशीन हाय." तो हसला आणि शटर ओढून घेतलं.

परत येताना अण्णा पहिल्यांदाच हळू बोलले. "माजा पत्ता खोटं बोलला, तंगेव्वा. गाळा रिकामा हाय म्हनाला. पन तुज्यासाठी रिकामा न्हवताच की त्यो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचं भोक वापरायला काढलं. प्रश्न ठरला: मालक बाईच्या नावावर गाळा देईल का? मग पेठापेठांतून सायकल फिरवत प्रत्येक मालकाला तो विचारला. बापूंनी चौकात गाठून टोमणा मारलाच, "अण्णा, म्हातारपणी सोयरिकी जमवताय व्हय?" अण्णा म्हणाले, "तुज्याकडं दोन गाळे हायत नव्हं? तू देतोस?" बापू अंगठ्या फिरवत निघून गेले. बऱ्याच जणांनी थेट नाही म्हटलं नाही, बघू म्हटलं. अण्णा म्हणाले, बघू म्हणजे फट नाही.

सगळे पत्ते एकत्र केले. शेवटच्या भोकात दाभण घातलं. अण्णांनी उचललं.

एकही पडला नाही. सगळं सोलापूर दाभणाला लटकून राहिलं.

मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, "अण्णा, जाते मी गावी. ताईला कळवते."

"थांब. काय न्हाय पडलं, हे बी आजच कळलं की. काल कुनाला ठाव हुतं? मला वाटायचं, गाळा चांगला न्हाय म्हनून मिळत न्हाय. गाळा हायच न्हाय. जे नस्तंय ते हुडकत बसायचं नस्तंय, बांधायचं आस्तंय."

हे बोलणं मला त्या वेळी नुसतं धीर देण्यासाठीचं वाटलं.

स्टेशनकडच्या रस्त्याला एका शेठनी व्यापारासाठी नवी इमारत बांधली होती. पुढची रांग चटकन गेली. मागची रांग मात्र उन्हाळ्यापासून तशीच रिकामी. बापूंसकट सगळे दलाल माणसं आणून दाखवून थकले होते. शेवटी शेठनी अण्णांना बोलावलं. अण्णा तांब्या, काडेपेटी आणि पत्त्यांची पेटी घेऊन गेले, पेटी धरायला मी. त्यांनी प्रत्येक गाळ्यात पाणी ओतलं, टाळी वाजवली, मांडी घालून बसले. मग शेठच्या बैठकीवर पेटी उघडली. त्यात गाळ्यांचे पत्ते नव्हते. निळ्या कडेचे दुसरेच होते.

"हे गिऱ्हाईकांचे," अण्णा म्हणाले. "गेल्या सालापासनं ज्येनी ज्येनी माज्याकडं जागा मागितली आन् मी देऊ शकलो न्हाय, त्येंचे." 'कसाही चालेल' म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते नीट का मागायला लावत, ते मला तेव्हा कळलं. ट्रकच्या भोकात दाभण घालून त्यांनी उचललं. दारात ट्रक मागणाऱ्यांचा गादीवर ढीग पडला. तो ढीग गोळा करून मोरीच्या भोकात घातलं. पुन्हा ढीग.

"शेठ, तुमच्या मागल्या रांगंला गिऱ्हाईक न्हाय, आसं न्हाय. गिऱ्हाईक ह्ये बसलंय. गाळा न्हाय. मागं बोळ हाय, बोळात ट्रक येतोय, पन तुमी तिकडं भिंत घातलीय. ती फोडा. शटर बोळाकडं काढा, मोरी काढा."

"बांधलेली भिंत पाडू? पुठ्ठ्याच्या सांगण्यावरून?"

"पुठ्ठा काय सांगतंय! हे रंगारी, हे गुळवाले, हे बाटल्यावाले, हे सांगत्यात. मी निस्तं दाभण घालतो."

शेठ हिशेबी माणूस. म्हणाले, कडेचे दोन फोडून बघू. भिंत फुटली, शटर लागलं, आणि पहिल्याच गाळ्यात आमचा तो कोरडा राहिलेला रंगारी आला. दुसऱ्यात गुळवाला. मग शेठनी न विचारता बाकीची भिंत पाडली. दिवाळी तोंडावर येईतो रांग भरली, फक्त जिन्याजवळचा एक लहान गाळा उरला. तिथे ट्रक येत नव्हता. उजेड डावीकडून येत होता.

शेठ खूश होते. "अण्णा, दलाली तर देणारच. वर काय पाहिजे?"

अण्णांनी पेटीतून एक पत्ता आणि माझी कात्री काढली. "ह्यो जिन्याजवळच्या गाळ्याचा पत्ता. शेवटचं भोक तेवडं तुमच्या हातानं कापा."

"कसलं आहे हे?"

"बाईच्या नावावर गाळा देता का, त्येचं."

शेठनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ नाहीत का हिला?"

"भाऊ हाय की, कोकनात. शिलाई हिला येती."

"आणि शिलाई बंद पडली तर?"

मी कधी मोठ्या माणसांत तोंड उघडत नाही. तेव्हा कसं कोण जाणे, बोलून गेले, "शाळा बंद पडतील का, शेठ?"

मग शेठ हसले, कात्री घेतली आणि फट कापली. वाकडीच कापली. अण्णांनी तो पत्ता इतर पत्त्यांत मिसळला, दाभण घातलं आणि सगळ्यांदेखत उचललं. एक पत्ता पडला. अण्णांनी तो आवाज डोळे मिटून ऐकला, रिकाम्या गाळ्यात बसून ऐकायचे तसा.

पाडव्याला मी मशीन नेली. शटरवर माझं पूर्ण नाव घालायचा हट्ट अण्णांचा. मी म्हणत होते, नुसतं 'शिलाई' पुरे. "नाव घाल. उद्या दुसरी कुनी येईल तिला दाखवायला पायजे की."

पुढे दोनतीन वर्षांनी अण्णांच्या लेकीने त्यांना अकलूजला बोलावलं. तिथे साखर कारखान्यामुळे बाजार वाढत होता, नवे गाळे होत होते. मी आणि व्यंकटेशम त्यांना पोचवायला एसटी स्टँडवर गेलो. सोलापूरचे सगळे पत्ते त्यांनी व्यंकटेशमच्या कोपऱ्यात ठेवले होते, बापूंसकट कुणीही येऊन बघावे म्हणून. बापू येतातही. मांडीवर मात्र दुसरी पेटी होती. कंडक्टर म्हणाला, "अण्णा, पेटी टपावर टाका."

"टपावर? अकलूज हाय ह्यात. वाऱ्यानं उडंल."

मी झाकण उचलून बघितलं. सगळे पत्ते कोरे. भोकं पाडलेली, फट एकही नाही. म्हटलं, "अण्णा, यात तर काहीच नाही."

"म्हनून तर सांभाळायचं."

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून दाभण माझ्या हातात दिलं. रोजच्या वापराने ते गुळगुळीत झालेलं. मागांवर मात करण्याच्या सवयीने ओरडले, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असे, "शेवटच्या भोकाकडं ध्यान ठेव, तंगेव्वा!" मग धुळीत त्यांची पांढरी टोपी तेवढी काही वेळ दिसली. तांब्या खिडकीच्या गजाला बांधलेला होता.

अजूनही मी कुलूप दोनदा ओढून बघते. पण आता ते माझं कुलूप असतं. दुपारी दुकानात एखादी बाई येते, उगाच परकराचं माप विचारते, आणि मला कळतं तिला वेगळंच काही विचारायचंय. मी तिला म्हणते, नीट माग. मग तिला घेऊन मालकांकडे जाते. शटरवरचं नाव दाखवते. कधी नाही म्हणतात, कधी बघू म्हणतात, आणि कधी एखादा मालक कात्री हातात घेतो. फट पडलेले ते पत्ते मी वेगळे बांधून ठेवतेय. सध्या गठ्ठा बारीक आहे, सुतळीचा एकच वेढा बसतो. हा गठ्ठा मुठीत मावेनासा झाला की मी अकलूजची गाडी धरणार आहे. अण्णांच्या पुढ्यात बसेन, शेवटच्या भोकात दाभण घालून त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, अण्णा, आता उचला.